दोघींमधला स्वल्पविराम

वार्सिकीने म्हाताऱ्याची वरची पापणी कापसाच्या काडीवर उलटी केली, उजेडाची फट बारीक केली आणि आत अडकलेलं भाताचं तूस शोधायला ती यंत्राला डोळे लावणार, एवढ्यात दार ढकलून बागास्कारा आत आला. त्याच्या हातात लॅपटॉप उघडाच होता.

“बू, तुमचं पहिलं नाव कुस्तियाह आहे का?”

बू, म्हणजे बाई, अशी हाक ऐकूनही वार्सिकीने मान वळवली नाही. पापणी उलटी धरलेली असताना तिच्याशी बोलायचं नाही, हे ती नेत्रविभागात येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्याच आठवड्यात बजावत असे. बागास्कारा तर तिच्या हाताखालून गेलेल्यांपैकी सगळ्यांत शहाणा. आता तो स्वतः शिकवत होता, त्याच्या कानशिलांवर पांढरे केसही आले होते, पण आज त्याला नियम आठवलेला दिसत नव्हता.

“पाक, खाली बघा. पायाच्या अंगठ्याकडे. हं, असेच राहा,” ती म्हाताऱ्याला आदराने म्हणाली.

तूस निघालं. काडीच्या टोकावर घेऊन तिने ते म्हाताऱ्याला दाखवलं. एवढ्याशा गोष्टीने आपल्याला रडवलं यावर त्याचा विश्वास बसेना. सून अंगणात भात पाखडत होती, तिच्या मागे उभं राहू नका असं बायको म्हणाली होती, असं सगळं सांगून, थेंबांची बाटली घेऊन तो गेला.

“आता बोल,” वार्सिकी म्हणाली. “आणि माझं पहिलं, मधलं आणि शेवटचं नाव वार्सिकी आहे, हे तुला गेली कित्येक वर्षं ठाऊक आहे.”

नाव एकच असणं ही जावा बेटावर काही नवलाची गोष्ट नव्हे. तिच्या पिढीत तर निम्म्या लोकांची नावं अशीच, एका शब्दाची, ना बापाचं नाव ना आडनाव. त्यांच्या सोलो शहरात त्यावाचून कोणाचं काही अडत नाही. अडतं ते बाहेरच्या जगाशी गाठ पडली की. परदेशी कागदावर दोन रकाने असतात आणि दुसरा रिकामा सोडलेला चालत नाही, म्हणून वार्सिकी विमानाच्या तिकिटावर वार्सिकी वार्सिकी असे, आणि शोधनिबंधांची मोजदाद ठेवणाऱ्या त्या जगभरच्या यंत्रातही ती वार्सिकी वार्सिकीच होती. बागास्कारा तिला चिडवायचा की बू, तुम्हाला हाक मारली की प्रतिध्वनी फुकट मिळतो.

आज मात्र तो चिडवायच्या सुरात नव्हता. म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसून त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

“हे कोण आहे?”

पडद्यावर एका लेखिकेचं नाव होतं. के. वार्सिकी. तिच्या खाली एकच शोधनिबंध: कुष्ठरोग्यांची न मिटणारी पापणी आणि बुबुळाला होणारी जखम. साल जुनं. आणि उजव्या बाजूला, त्या निबंधाचा जगात किती जणांनी उल्लेख केला त्याचा आकडा, तीनशेच्याही पुढचा.

वार्सिकीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हा आमचा निबंध आहे,” ती म्हणाली. “माझा आणि कुस्तियाहचा.”

“त्वचाविभागाच्या बू कुस्तियाह?”

“तीच. दुसरी कुठली असणार.”

बागास्काराने मूळ निबंधाचं पहिलं पान उघडलं. लेखकांच्या जागी छापलं होतं: वार्सिकी, कुस्तियाह. मध्ये ‘आणि’ नव्हता. एक स्वल्पविराम होता. तिकडच्या रीतीप्रमाणे आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. त्यामुळे यंत्राने दोघींना एकत्र बांधून त्यांची एक बाई केली होती. कुस्तियाह वार्सिकी. दोन रकाने, दोन नावं, यंत्र खूश.

वार्सिकीला आधी हसूच आलं. मग बागास्कारा पुढे काय बोलणार हे तिच्या लक्षात आलं आणि ती हसायची थांबली.

त्याचं कारण डीन पाक हर्विंदो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं की महाविद्यालयातल्या सगळ्या वैद्यांचं संशोधन एकाच मापाने मोजायचं. दहा निबंध असे हवेत, की त्यातल्या प्रत्येकाचा दुसऱ्या कोणी निदान दहा वेळा उल्लेख केलाय. तर तुमचा आकडा दहा. दहाच्या खाली असेल त्याचा प्राध्यापकपदाचा अर्ज पुढे जाणार नाही. माप सोपं होतं, म्हणून डीनना आवडलं. विभागवार तुलना करायचं काम त्यांनी बागास्काराला दिलं, कारण त्याला असल्या गोष्टीत गती. त्याने प्रामाणिकपणे तुलना केली आणि वर टिपणही जोडलं की डोळ्यांचे शल्यवैद्य जगात मूठभर, ते एकमेकांचा उल्लेख करून करून किती करणार. हृदयवाल्यांची आणि कर्करोगवाल्यांची जत्रा, त्यांचे आकडे फुगणारच. तेव्हा ज्याला त्याला त्याच्या शाखेच्या मापाने मोजावं. पाक हर्विंदो स्वतः हृदयवाले. त्यांनी टिपण वाचलं, बागास्काराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बाटिकचं कापड असो की पोत्याचं, मीटर तोच असतो, बाळ.

आणि वार्सिकीचा आकडा होता नऊ.

सप्टेंबरअखेर तिला पासष्ट पूर्ण होणार होती. प्राध्यापक झाली तर आणखी पाच वर्षं. न झाली तर त्या दिवशी ओळखपत्र परत करायचं. खाजगी दवाखाने तिच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. तिला हवा होता तो गुरुवार. गुरुवारी ती नव्या पोरांना मोतीबिंदू शिकवायची. एखाद्या पोरीचा हात पहिल्यांदा डोळ्यात शिरताना थरथरतो, तेव्हा वार्सिकी आपलं एक बोट तिच्या मनगटाखाली टेकवायची, बोलायची काही नाही, आणि मनगट शांत होईपर्यंत ते बोट तिथेच ठेवायची. खाजगी दवाखान्यात कोणाचा हात थरथरत नाही. हे सुटणार या विचाराने तिला अलीकडे जेवणही नीट जात नव्हतं, आणि हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

“बू, ही के. वार्सिकी म्हणजे मीच, एवढं यंत्राला सांगायचं,” बागास्कारा हळू आवाजात म्हणाला. “दोन मिनिटांचं काम. तिचा निबंध तुमच्या नावावर येईल. नवाचे दहा.”

“आणि रीतसर दुरुस्ती? दोन वेगळ्या बायका आहेत म्हणून?”

“ते नियतकालिक बंद पडून दुसऱ्यात विलीन झालंय. मी विचारून पाहिलं. मूळ हस्तलिखित मागतात, मग समिती, मग… पुढचं वर्ष उजाडेल. अर्जाची मुदत या महिन्याच्या शेवटी.” तो थांबला. “खोटं तर नाही ना, बू? निबंध तुमचा आहेच.”

“आहेच,” वार्सिकी म्हणाली. “थांब जरा. मला एकीला विचारू दे.”

“बू कुस्तियाहंना? त्या तर गेल्या वर्षीच रिटायर झाल्या. त्यांचं आता काय जातंय यात?”

वार्सिकीने पुढच्या रुग्णाचा कागद उचलला. कुस्तियाह का रिटायर झाली हे साऱ्या महाविद्यालयाला ठाऊक होतं. तिचाही आकडा नऊच होता. निरोपाच्या दिवशी वार्सिकी पहिल्या रांगेत बसली होती, खोक्यातला भात आणि कोंबडी तिने शेवटच्या घासापर्यंत खाल्ली होती, आणि एका आकड्याने हुकलं बिचारीचं, असं शेजारणीशी बोललीही होती. पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येते, असं तिने कुस्तियाहला दारात सांगितलं होतं. तो आठवडा अजून उजाडला नव्हता.

*

रविवारी सकाळी ती तावांगमांगूचा घाट चढू लागली. लावू पर्वताच्या अंगावर कोबीचे आणि गाजरांचे वाफे पायऱ्यांसारखे चढत गेलेले, हवा गार, आणि तिची जुनी गाडी प्रत्येक वळणावर कुरकुरत होती. शेजारच्या सीटवर केळीच्या पानात गुंडाळलेल्या गरम सेराबी, नारळाच्या दुधातली धिरडी, होत्या. कुस्तियाहला त्या आवडतात एवढं आठवलं होतं. बाकी काय बोलायचं हे शेवटच्या वळणापर्यंत ठरलं नव्हतं.

“आवाजावरूनच ओळखलं,” कुस्तियाह फाटकाशी उभी होती, हातात माती, डोक्यावर लोकरीची टोपी. “तुझी गाडी चढाला खोकते. मला वाटलं होतं संग्रहालयाला दिली असशील.”

“मालकिणीला घेतील तेव्हा गाडीही घेतील म्हणाले.”

“मग तुझं जवळ आलंय म्हणायचं. ये आत, जेंग. चपला राहू दे, फरशी बर्फ आहे.” बरोबरीच्या मैत्रिणीला सोलोत जेंग म्हणतात.

सोलोच्या माणसांना सरळ विचारता येत नाही. हे काही त्यांचं ढोंग नव्हे. सरळ विचारलं की समोरच्याला सरळ नकार द्यावा लागेल, आणि तशी वेळ त्याच्यावर आणणं हीच मोठी असभ्यता. त्यामुळे दोघींनी आधी गुडघ्यांचं बोलून घेतलं. मग कुस्तियाहच्या नातवाचं, मग यंदाच्या थंडीचं. कुस्तियाह घरातच सकाळी दोन तास रुग्ण बघत होती. कोबीवर औषध मारून हात सोलवटलेले शेतकरी, आणि गजकर्ण. गजकर्णाला मरण नाही, ती म्हणाली, हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालेल. तिने कडक गोड चहा आणला, तळलेलं सोयाबीनचं तेंपे आणलं. “मोंग्गो, घे,” ती म्हणाली, आणि वार्सिकीने घेतलं. चहा दुसऱ्यांदा आला. वार्सिकी पेल्याचं झाकण उचलून पुन्हा ठेवत राहिली.

“जेंग,” कुस्तियाह शेवटी म्हणाली, “ते झाकण फुटायच्या आत बोल. बागास्काराने तुला ती बाई दाखवली ना?”

वार्सिकीचा हात थांबला.

“कुठली बाई?”

“के. वार्सिकी. कुठली म्हणे.”

“तुला ठाऊक आहे?”

“गेल्या वर्षी माझ्या विभागातल्या रातिहने दाखवली. तिलाही असल्या गोष्टीत भारी गती. आजकाल प्रत्येक विभागात एक असतोच असा.”

बाहेर कोणीतरी कोबीच्या टोपल्या ट्रकमध्ये भरत होतं. वार्सिकी ऐकत राहिली. गेल्या वर्षी. म्हणजे निरोपाच्या आधी. नवाचे दहा तेव्हाही दोन मिनिटांवर होते.

“मग तू का नाही…” तिने वाक्य अर्धंच सोडलं.

“तुला विचारायला आले होते ना,” कुस्तियाहने सेराबीचं पान सोडलं. “तुमच्या विभागात. तू आत ऑपरेशनला होतीस. मी बाहेर बाकावर बसले, डोळ्याला पट्टी बांधलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये. एकाने मला विचारलं, ताई, तुमचा डावा की उजवा? मी म्हटलं, अजून ठरायचंय. मग तुझी सिस्टर बाहेर आली, म्हणाली, बू वार्सिकींचे अजून चार डोळे बाकी आहेत. तेवढ्यात मला वाटलं, काय हे विचारायचं माणसाला. आणि उठून आले.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“मीच सांगू नका म्हटलं.”

“आणि मग ते बटण दाबलं नाहीस?”

“राहून गेलं,” कुस्तियाह म्हणाली. “अजून गरम आहेत गं. कुठून घेतल्यास?”

वार्सिकीने दुकानाचं नाव सांगितलं. आपण त्या दिवशी चौघांचे डोळे उघडत होतो आणि भिंतीपलीकडे ही बाकावर बसली होती, याची तिला लाज वाटली, आणि आपण आज काय मागायला आलो आहोत याची त्याहून जास्त.

“आठवतं तुला,” कुस्तियाह म्हणाली, “दुपारी सगळे झोपायचे तेव्हा आपण मोजपट्टी घेऊन फिरायचो?”

आठवत होतं. तरुण होत्या दोघी. शनिवारी बस पकडून उत्तर किनाऱ्यावरच्या कुष्ठवसाहतीत जायच्या. कुस्तियाह रुग्णांचे चट्टे बघायची, वार्सिकी डोळे. ज्यांच्या पापण्या मिटत नाहीत त्यांची बुबुळं सुकून जखमा होत. पण वार्सिकीचा हिशेब काही लागेना. डोळे मिटा म्हटलं की रुग्णाची पापणी जवळजवळ पूर्ण मिटायची, फट दिसायचीच नाही, आणि महिन्याभराने त्याच डोळ्यात जखम. तेव्हा कुस्तियाहच म्हणाली होती, अगं, ही आपली माणसं आहेत. डॉक्टरीणबाई मिटा म्हणाली की तिला वाईट वाटू नये म्हणून जीव खाऊन मिटतात. झोपेत बघू. मग भर दुपारी दोघी अनवाणी खाटांमधून फिरल्या. कुस्तियाह मच्छरदाणी उचलून धरायची, श्वास रोखून, आणि वार्सिकी शाळकरी पोरांची प्लॅस्टिकची पट्टी झोपलेल्या डोळ्याशी नेऊन फट मोजायची. एकदा एक म्हातारी जागी झाली आणि पट्टी बघून म्हणाली, कपडे शिवताय का गं पोरींनो माझ्यासाठी? दोघी हसत सुटल्या आणि अख्खी खोली जागी झाली. जगात त्या निबंधाचा ज्यांनी उल्लेख केला, त्यांनी एवढंच उचललं होतं, की रुग्णाला झोपल्यासारखे अलगद डोळे मिटायला सांगा.

“कल्पना तुझी होती,” वार्सिकी म्हणाली.

“मोजलंस तू. मला तर पट्टीवरच्या रेघाही दिसायच्या नाहीत.”

“म्हणूनच मी म्हणते…”

“पापणी कुणाची गं?” कुस्तियाहने तिला मध्येच तोडलं. “डोळ्याची की कातडीची? तू सांग. तू सांगशील तसं.”

कुस्तियाहने तिच्या पेल्यात पुन्हा चहा ओतला.

“ऐक. माझं झालंय आता. मला त्या दहाचा काय उपयोग, लोणचं घालू? तुझं अजून व्हायचंय. तुझ्या हाताखाली पोरं शिकतात, ती तशी दुसऱ्या कोणाच्या हाताखाली शिकत नाहीत, हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, आज बोलते. दाब ते बटण. मला वाईट वाटायचं नाही.”

“खरंच?”

“मोंग्गो,” कुस्तियाह तेंपे पुढे करताना म्हणाली होती तशीच म्हणाली आणि उठून सेराबीची पानं गोळा करू लागली.

निघताना तिने गाडीत कोबीचे चार गड्डे आणि गाजरांची जुडी ठेवली. वार्सिकी नको नको म्हणत राहिली, जसं म्हणायचं असतं, आणि मग घेतलं. घाट उतरताना तिला हलकं वाटत होतं. परवानगी मिळाली होती. जिच्याकडून मागायची तिच्याकडून, तोंडी, चहा पिऊन, आणखी काय हवं. पाच वर्षं. पाच वर्षांचे गुरुवार. उतारावर गाडी खोकत नव्हती.

*

सोमवारी दुपारी रुग्ण संपले तेव्हा तिने स्वतःच बागास्काराला बोलावलं. तो लॅपटॉप घेऊन जवळजवळ धावत आला आणि येताना सगळ्यांच्या वाटचं थंडगार चेंदोलचं सरबत घेऊन आला.

“म्हणाल्या त्या?”

“दाब म्हणाली.”

“मी म्हटलंच होतं,” बागास्काराने दार लावून घेतलं. इतका आनंद त्याला स्वतःच्या बढतीचाही झाला नव्हता. “डीनसाहेबांना आता काय बोलायचं ते बोलू दे. त्यांच्याच मीटरने मोजलंय.”

त्याने वार्सिकीच्या नावाने यंत्रात प्रवेश केला. वार्सिकी वार्सिकी, नेत्रविभाग, आकडा नऊ. मग कुठेतरी आत, आणखी आत जाऊन त्याने के. वार्सिकीचं पान आणलं आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

“तुम्हीच दाबा, बू. मी दाबलं तर बरं दिसणार नाही.”

पडद्यावर इंग्रजीत प्रश्न होता. वार्सिकीने तो सवयीने सावकाश वाचला. ही लेखिका तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं. एक हिरवं: होय, ही मीच. एक राखाडी: नाही, ही मी नव्हे.

तिने बोट हिरव्याकडे नेलं आणि ते तिथेच, काचेपासून थोडं वर राहिलं. शल्यवैद्याचं बोट होतं, हललं नाही.

“काय झालं, बू?”

“यात ‘आम्ही’ कुठे आहे?”

“काय?”

“मी आहे, मी नव्हे आहे. आम्ही कुठे आहे? या आम्ही दोघी, असं म्हणायचं असेल तर कुठे दाबायचं?”

बागास्काराने पडद्याकडे बघितलं, जणू त्यालाही ते आत्ताच दिसत होतं.

“तसं बटण नाही, बू. लेखक म्हणजे एकच माणूस असतो यंत्राच्या लेखी.”

“हं.”

“पण त्यांनी परवानगी दिलीय ना तुम्हाला.”

“दिलीय.”

“मग?”

परवानगी दिली होती हे खरं, आणि कुस्तियाहला वाईट वाटणार नाही हेही कदाचित खरं. पण प्रश्न कुस्तियाहला विचारलेला नव्हता. तो तिला विचारला होता, आणि तिला दिसत होती ती मच्छरदाणी, वर उचललेली, आणि ती धरणारा हात. तो हात आपला आहे असं तिला म्हणता येईना. वसाहतीतल्या रुग्णांसारखे जीव खाऊन मिटले तर तिचेही डोळे मिटले असते. ती तशी मिटून बघतही होती, थोडा वेळ.

“दोन्ही उत्तरं चूक आहेत,” ती शेवटी म्हणाली. “हे दुसरं जरा कमी चूक आहे.”

बागास्कारा हात पुढे करेपर्यंत तिने राखाडी बटण दाबलं होतं.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग त्यावर आलं: धन्यवाद. आम्ही ही लेखिका तुम्हाला पुन्हा सुचवणार नाही.

“बघ,” वार्सिकी म्हणाली, “त्याला येतं की आम्ही म्हणायला.”

बागास्कारा हसला नाही. त्याने लॅपटॉप मिटला. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या पाठीकडे बघताना वार्सिकीला आठवलं: पहिल्यांदा मोतीबिंदू काढताना याचं मनगट सगळ्यांत जास्त थरथरलं होतं.

“चेंदोल घे,” ती म्हणाली. “बर्फ वितळतोय. आणि गुरुवारी कोण कोण आहे ते मला सांग. जेवढे गुरुवार आहेत तेवढ्यात नव्या पोरींना जास्त केसेस देऊ.”

तो गेल्यावर तिने हात धुतले, कोपरापर्यंत, गरज नसताना. मग फोन लावला. पलीकडे कुस्तियाह बहुधा वाफ्यात होती. वाऱ्याचा आवाज येत होता.

“दाबलंस?”

“दाबलं.”

“छान केलंस. मग आनंदाचं तुंपेंग कधी घालतेस? मला पिवळ्या भाताच्या ढिगाचं टोक पाहिजे हं, सांगून ठेवते.”

“जेंग, मी ‘नाही’ दाबलं.”

वारा वाहत राहिला.

“अगं बाई,” कुस्तियाह म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. “मीही तेच दाबलं होतं.”

“काल म्हणालीस राहून गेलं.”

“मग काय सांगणार होते? मी नाही म्हटलं हे तुला कळलं असतं, तर तुला हो कसं म्हणता आलं असतं?”

वार्सिकी रुग्णाच्या खुर्चीत बसली. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं. पलीकडे कुस्तियाहचंही तसंच काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं.

“म्हणजे आता ती बाई कुणाचीच नाही,” वार्सिकी डोळे पुसत म्हणाली.

“असू दे गं,” कुस्तियाह म्हणाली. “तिला तरी कोणी पासष्टाव्या वर्षी घरी बसवणार नाही.”